कॉन्रॅडच्या हातचं डुक्कर

"डुकराची आहे, काका," ती पोरगी म्हणाली, आणि मॉनिटरवरची नजरसुद्धा तिने हलवली नाही. मी डाव्या कुशीवर, उघडा, छातीवर थंडगार जेली, आणि तिच्या हातातलं ते यंत्र माझ्या बरगड्यांच्या फटीत रुतलेलं. मी विचारलं होतं एवढंच, की व्हॉल्वचं मेटल कसं दिसतंय, कुठे गंजबिंज नाही ना धरला. थट्टेत विचारलं होतं. चौदा महिने मी हीच थट्टा करत होतो. चर्चच्या आवारात, मासळीबाजारात, भुईगावच्या बसस्टॉपवर, जो तब्येत विचारेल त्याला सांगायचो की कॉन्रॅडच्या छातीत वालीवचा माल बसवलाय, आता शंभर वर्षं बघायला नको. आणि ही, बिल्ल्यावर मनाली लिहिलेली, माझ्या शर्लिनपेक्षा लहान पोर, च्युइंगम चघळत म्हणते, "मेटल नाहीये हो. कार्डावर लिहिलंय ना. डुकराची झडप आहे, टिश्यू व्हॉल्व. एकदम मस्त चालतेय, बघा ना." मी मान वळवून बघितलं. राखाडी धुरात तीन पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या. मी म्हणालो, "पण मला आवाज येतो की. टक टक. घरात शांत असलं की स्पष्ट येतो." ती हसली. वाईट नाही हसली, पोरं म्हाताऱ्यांना हसतात तशी. "मेटलवाल्यांना येतो, काका. ह्याचा आवाज होत नाही." मग तिने ते यंत्र आणखी आत दाबलं आणि मला घाम फुटला, कारण ती जागा माझ्या ओळखीची होती. डुकराच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे तीन बोटं. पन्नास वर्षं मी ती जागा हाताने शोधत आलोय, आणि सुरी तिथेच घालत आलोय.

वसई रोडवरून रिक्षाने घरी येताना मी तळहात शर्टाच्या आत घालून बसलो होतो. रिक्षावाल्याला वाटलं असेल म्हातारा गेला की काय, दोनदा त्याने आरशातून पाहिलं. मी टक टक ऐकायचा प्रयत्न करत होतो. चौदा महिने ऐकलेली टक टक. पापडीच्या नाक्यावर सिग्नलला रिक्षा बंद झाली तेव्हा तर मी श्वासही धरून ठेवला. काही नाही. धडधड होती, ती तर कुठल्याही माणसाला असते. च्यायला, मग इतके दिवस मी काय ऐकत होतो? एकतीस वर्षं मी वालीवच्या एका शेडमध्ये लेथवर उभा होतो, पितळेचे, गनमेटलचे नॉन-रिटर्न व्हॉल्व काढले, पाणी एकाच बाजूने जाईल, मागे फिरणार नाही असे. व्हॉल्व म्हणजे काय ते मला कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, तुमच्या हृदयाचा व्हॉल्व कडक झालाय, बदलावा लागेल. मी म्हणालो, गनमेटल बसवणार की स्टेनलेस? डॉक्टर खदखदून हसले, मीही हसलो, आणि तिथेच सगळं झालं. त्यांना वाटलं मी विनोद केला. मला वाटलं त्यांनी स्टेनलेस म्हटलं. पुढे बारा पानं इंग्रजीत आली, माझा चष्मा बायकोच्या, ज्युलिएटच्या पर्समध्ये, पर्स घेऊन ज्युलिएट खाली कँटीनमध्ये. शर्लिनने बोट ठेवलं तिथे तिथे मी सही करत गेलो. लेकीने बोट ठेवलेल्या जागी बापाने वाचत बसायचं असतं का?

आता त्या शनिवारचं सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील एका झडपेचं काय घेऊन बसलाय. रविवारी शर्लिनचं लग्न. शनिवारी दारी मांडव. आणि मांडवाच्या जेवणाला आमच्याकडे डुक्कर लागतं, तेही घरचं, वाडीतलं, घरच्या माणसाच्या हातचं. बाकीचं जेवण केटररचं असो, हॉल एसी असो, नवरामुलगा अर्नाळ्याचा असो की अमेरिकेचा, मांडवाचं शिरक्यात मुरवलेलं इंद्याल घरच्या डुकराचं. आणि भुईगावात, तिकडे पार गिरीजपर्यंत, म्हण पडलीय की कॉन्रॅडच्या हातचं डुक्कर ओरडत नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. दुसऱ्यांच्या घरी चार माणसं लागतात, दोर लागतो, घण लागतो, आणि ते ओरडणं असं असतं की बायका कानात बोटं घालून आतल्या खोलीत जाऊन बसतात. माझ्याकडे कुणी लागत नाही. ही रीत माझ्या बाची, पीटर बाची, आणि त्याला त्याच्या बाने दिलेली. सात दिवस आधीपासून त्याला दुसऱ्या कुणी खायला घालायचं नाही. आपण घालायचं. खाऊन झालं की पोट खाजवायचं, मागच्या पायांच्या मधून वर वर, सावकाश. पहिल्या दिवशी ते उभंच राहतं. तिसऱ्या दिवशी पाय मोडून बसतं. पाचव्या-सहाव्या दिवशी हात लागायच्या आत उजव्या कुशीवर पसरतं, डोळे मिटतं. आठव्या दिवशीही तसंच पसरतं. त्या दिवशी डाव्या हाताने खाजवत राहायचं, तोच हात पुढे सरकवून धडधड कुठे लागते ते बघायचं, आणि उजव्या हाताने. बस. त्याला कळतसुद्धा नाही. बाने दोनच नियम घालून दिले होते. नाव ठेवायचं नाही आणि बोलायचं नाही. मी दहा वर्षांचा होतो, विचारलं, का रे बा, बोलायचं का नाही? तो म्हणाला, "बोललास तं त्याला कळंल तू कोन हायस."

ह्या डुकराचे पाच दिवस झाले होते. म्हणजे मनालीने ते वाक्य उच्चारलं त्या बुधवारी पाचवा होता. रिक्षातून उतरलो तो ज्युलिएट ओट्यावरून म्हणाली, "काय म्हणाले? सगळं ठीक?" मी म्हणालो, "मस्त चाललंय." ती म्हणाली, "मग तोंड का असं? आणि त्याला खायला घाला आधी, बाराला घालता रोज, आता दोन वाजले, बोंबलतंय केव्हाचं." मी बादली घेतली. मागे केळीच्या पलीकडे खोपट आहे, वर पत्रा, समोर बांबूचं कुंपण. हे पिल्लू मी ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी आणलेलं. डॉक्टरने सांगितलं होतं रोज चाला, तर मी वाडीतच फेऱ्या मारायचो, विहिरीपासून खोपटापर्यंत, खोपटापासून विहिरीपर्यंत, छातीच्या टाक्यांवर हात ठेवून, आणि हे कुंपणाच्या आतून माझ्याबरोबर चालायचं. मी थांबलो की थांबायचं. मी दम खायचो तेव्हा नाक वर करून बघायचं. आम्ही दोघं एकाच सुमाराला वजनाला आलो म्हणायचं. बादली ओतली. खाऊन झालं. मी हात पुढे केला तर ते आपणहून पसरलं, उजव्या कुशीवर, पोट उघडं टाकून, आणि माझा हात मधेच अडकला. मला मनालीचा तो पलंग दिसला, हिरव्या चादरीचा. मीही असाच पसरलो होतो की. तिने म्हटलं काका कुशीवर व्हा, मी झालो. कशाला, कशासाठी, काही विचारलं नाही. त्याने एक डोळा उघडला. आजवर इतकी डुकरं झाली पण त्यांचा डोळा मी कधी बघितला नव्हता, बघायचाच नसतो. पिवळट पापण्या, आखूड पांढऱ्या, आणि आत तपकिरी, माणसाचा असतो तसा. ते वाट बघत होतं की हा खाजवत का नाही. मी खाजवलं. न खाजवून सांगतो कुणाला? एक दिवस चुकला असता तर शनिवारी ते बिथरलं असतं.

आता झडप म्हणजे झडप, कापून शिवलेला एक तुकडा, त्यात एवढं काय, असं मीच मला सांगत होतो. पण रात्रीचं जेवण जाईना. चर्चमध्ये कोयरवाले लग्नाची गाणी बसवत होते, मला तिथे बोलावलं होतं, गेलो नाही. मला शाळेतलं ते चित्र आठवत राहिलं, भिंतीवर टांगलेलं, डावीकडे वाकलेलं माकड, मग थोडं ताठ, मग आणखी ताठ, आणि उजवीकडे दाढीवाला माणूस भाला घेऊन चाललेला. मी ते घरी येऊन सांगितलं तर बाने मुस्काटात दिली होती. "तुझा मास्तर असंल माकडाचा. आपल्याला देवानं घडवला." आणि हाच बा, डुक्कर उघडलं की मला जवळ बोलवायचा, हे बघ काळीज, हे फुप्फुस, हे गुर्दे, मानसाचं बी अस्संच असतं बघ, अशेच जागच्या जागी. तुला रे काय ठाऊक माणसाचं? असं मी कधी विचारलं नाही. दुसरी मुस्काटात कोण खाणार? पण एक गोष्ट खरी, त्या चित्रात डुक्कर नव्हतं. माकडाचं मी मोठेपणी मान्य करून टाकलं होतं. माकड झाडावर असतं, तुंगारच्या डोंगरात असतं, त्याला आपण खात नाही, तो दूरचा पाहुणा असला तर असू दे. डुकराचं कुणी सांगितलंच नव्हतं.

शर्लिन शाळेत विज्ञान शिकवते, दहावीला. गुरुवारी ती मेंदी काढून घ्यायला बसणार होती, हल्ली आपल्यातही काढतात, त्याआधी मी तिला विहिरीकडे बोलावलं. म्हटलं, "तुला माहीत होतं." तिने काय माहीत होतं असं विचारलं नाही, तेव्हाच मला समजलं. माझी लेक खोटं बोलत नाही, फक्त बोलत नाही. ती म्हणाली, "मेटलची बसवली असती तर जन्मभर रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्याव्या लागल्या असत्या, पप्पा. तुमच्या हातात सारखी सुरी, कोयता. एकदा कापलं की रक्त थांबलं नसतं. डॉक्टर म्हणाले ही बरी. मी हो म्हटलं." मी म्हणालो, "आणि मला सांगायला जीभ झडली होती?" माझा आवाज चढला होता. केळीत कामाला आलेली बाई वळून बघायला लागली. शर्लिन म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही ऑपरेशनच नको म्हटलं असतं. माझ्या लग्नापर्यंत तरी..." आणि थांबली. मग मास्तरीणबाई झाली. भावना आली की ती शिकवायला लागते, तिची खोड आहे. म्हणाली, त्यात जिवंत असं काही नसतं, धुतात, औषधात मुरवतात. मी म्हटलं, "मुरवतात? इंद्यालसारखी?" तिला हसू आलं, मग रडू आलं, दोन्ही एकदम. डोळे पुसत म्हणाली, "नऊ कोटी वर्षांपूर्वी आपलं आणि त्याचं एकच होतं, पप्पा. एकच कुठलं तरी उंदराएवढं जनावर. त्याची काही पिल्लं इकडे गेली, काही तिकडे. तेव्हापासूनचं हृदय आहे ते. चार खणांचं, तीच रचना. म्हणून तर चालतं." मी म्हणालो, "म्हणजे मी पन्नास वर्षं काय केलं?" ती म्हणाली, "म्हणूनच मी मुद्दाम नव्हतं सांगितलं, पप्पा." मग म्हणाली, "तुम्हीच तर म्हणाला होतात."

काय म्हणालो होतो त्याची आठवण तिलाच करून द्यावी लागली. ती बारा वर्षांची होती तेव्हाचं. नाताळचं डुक्कर होतं. तिने हट्ट धरून हृदय मागून घेतलं, ओट्यावर बसून ब्लेडने उघडलं, खण मोजले, आणि ते नळाखाली धरून मला हाका मारायला लागली. पप्पा, बघा बघा. पाणी पडलं की तीन पाकळ्या फुलायच्या, पाणी थांबलं की मिटायच्या, थेंब मागे जात नव्हता. मी लेथवरचा माणूस, मला तर वेडच लागलं. मी तिच्या हातातून घेऊन दहादा करून बघितलं. म्हणालो, "जेजू! नॉन-रिटर्न! आमच्या वालीवला असं फिनिशिंग सात जन्मात येणार नाही." तिच्या ते मनात राहिलं. माझ्या नाही राहिलं. मी हात धुतले आणि संध्याकाळी इंद्याल खाल्लं, तीन वेळा मागून घेतलं. आता विहिरीच्या कठड्यावर बसून मला ते नळाचं पाणी आठवत होतं आणि छातीत एक एक ठोका जाणवत होता, फुलली, मिटली, फुलली, मिटली. हे कोणाचं होतं? कुठल्या गावचं? कुणी खाजवलं होतं का त्याला? शर्लिन म्हणाली, "पप्पा, बाजारातून आणूया ना मटण. मी मम्मीला सांगते." मी म्हणालो, "तू मेंदीला जा."

पण बाजाराचं मी ज्युलिएटकडे काढून पाहिलंच. शुक्रवारी सकाळी, एरॉल चहाला आलेला असताना. एरॉल ज्युलिएटचा भाऊ, शर्लिनचा मामा, मनाने साखर, हाताने आडदांड. ज्युलिएट म्हणाली, "मांडवाचं डुक्कर बाजारातून? अहो, लोक तोंडात शेण घालतील. एकुलती एक पोर." आणि मग माझ्याकडे नीट बघून, "का? दुखतंय का छातीत?" मी म्हटलं नाही. एरॉलने बशीतला चहा संपवला आणि म्हणाला, "भावोजी, ऑपरेशन झालेला माणूस तू, तुला कशाला त्रास? मी हाय ना. मी, आमचा रायन, आणखी दोघं येतील. घण हाय माझ्याकडं, दोर हाय. पाच मिनटांचं काम." एरॉलची पाच मिनिटं मी पाहिलेली आहेत. नंदाखालच्या एका लग्नात त्याचा पहिला घण खांद्यावर बसला होता, दुसरा जबड्यावर. ते दोर तोडून वाडीभर पळालं, तोंड लोंबत होतं, आणि हे चौघं मागून हसत, शिव्या देत. अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचा आवाज माझ्या कानात अजून आहे. तर हे असं होतं. मी मारलं नाही तर एरॉल मारणार. मी नाही म्हटलं म्हणून ते जगणार नव्हतं, ओरडत मरणार होतं. आणि मी मारायचं म्हणजे त्याने माझ्यासमोर पसरायचं, मी आहे म्हणून. दोन्हीकडून माझीच मान अडकलेली. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच असावं. मी म्हणालो, "घण घरीच ठेव. माझं मी बघतो."

दुपारी सातव्या दिवसाचं खाजवायला गेलो तेव्हा मला ऑपरेशनच्या दिवसाची ती सिस्टर आठवली. मला स्ट्रेचरवरून त्या गार खोलीत नेलं, वर मोठे दिवे, आणि मी एवढा घाबरलो होतो की दात वाजत होते, सांगायला लाज कसली. तिने मास्क लावलेला, फक्त डोळे दिसत होते. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, केस मागे सारले, माझी आई सारायची तसे, आणि म्हणाली, "अंकल, घाबरू नका. आता झोप लागेल." एवढंच. आणि माझं अंग सैल पडलं. सुई कधी टोचली कळलं नाही. त्यांनी माझी छाती करवतीने उघडली, हृदय थांबवलं, तास-दीड तास ते थांबवलेलं होतं, आणि मी त्या एका हातावर विसंबून पसरलो होतो. त्यांना मला पुन्हा उठवायचं होतं, म्हणून ते पाप नव्हतं. एवढाच फरक, दुसरा काही फरक मला शोधून सापडत नव्हता. डुकराच्या पोटाची कातडी हाताखाली गरम होती, थोडे खरखरीत केस, खाली सैल. ते घशातून बारीक आवाज काढत होतं, समाधानाचा. माझा हात सवयीने पुढे सरकला, कोपरामागे तीन बोटं, आणि धडधड लागली. मी तिथेच थांबलो. डावा हात त्याच्या, उजवा माझ्या छातीवर. माझी जरा भरभर चालली होती, त्याची सावकाश. त्याला कसलीच काळजी नव्हती.

शनिवारी सकाळी साडेसात. मिस्साला जाऊन आलो होतो. कम्युनियन घेताना फादरांसमोर माझं तोंड उघडेना, मागच्या बाईने ढकललं. अंगणात मांडवाचे बांबू उभे राहत होते, पाणी तापत होतं, एरॉल आणि रायन केळीच्या कडेला पाट आणि पातेली घेऊन बसले होते. रीतीप्रमाणे खोपटाकडे कुणी येत नाही, मी हाक मारली की येतात. ज्युलिएटने सुरी कापडात गुंडाळून हातात दिली, क्रूस केला आणि आत गेली. सुरी बाची. मूठ झिजून माझ्या हाताची झालीय. मी कुंपण ओलांडलं. ते आलं. सुरी मी पाठीमागे धरली होती, तशीच धरायची असते, आणि पहिल्यांदा मला त्याची शरम वाटली. बादली ओतली. नेहमीपेक्षा जास्त ओतली, काय उपयोग होता कुणास ठाऊक. ते खात होतं तोवर मी उभा राहिलो. हात कापेल का, एवढीच भीती होती आता. हात कापला तर सुरी बरगडीवर अडेल, आणि मग एरॉलचं ते अर्ध्या तासाचं सगळं माझ्या हातून घडेल. मी बोटं उघडमीट केली. लेथवर अर्ध्या केसाचा फरक काढायचो मी ह्या हातांनी. हलायचं नाही, म्हटलं हाताला, आज हलायचं नाही रे.

खाऊन झालं. त्याने तोंड वर केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली बसायच्या आत पसरलं. डाव्या हाताने खाजवायला लागलो. वर वर, सावकाश. डोळे मिटले त्याने. हात पुढे सरकवला, तीन बोटं, लागली धडधड. सुरी पुढे आणली. आणि ते झालं नाही. हात हलला नाही, पण पुढेही जाईना. किती वेळ गेला सांगता येत नाही, डाव्या हाताचं खाजवणं मात्र थांबू दिलं नाही, थांबलं असतं तर त्याला कळलं असतं. माझ्या कपाळावरून घाम त्याच्या पोटावर टपटप पडत होता. तिकडून एरॉलची हाक आली, "भावोजी, येऊ का रे?" डुकराच्या कानाची पाळी हलली. डोळा उघडला. आता उठणार ते, मला दिसलं, पुढच्या पायात जोर आला होता. तेव्हा मी बाचा नियम मोडला. मी त्याच्याशी बोललो. वाकून, त्याच्या कानाशी, म्हणालो, "घाबरू नको. आता झोप लागेल." माझ्या तोंडून ते इतक्या हळू आलं की माझं मलाच ओळखू आलं नाही. पायातला जोर गेला. डोळा मिटला. माझा उजवा हात गेला, सरळ, कुठेही न अडता, गेल्या पन्नास वर्षांत इतका नीट कधी गेला नव्हता. डाव्या तळव्याखाली धडधड एकदा उसळली, मग एक ठोका, मग बरंच थांबून एक, आणि मग नाही. माझी चालू होती. फुलत होती, मिटत होती. तिला काही कळलंच नव्हतं.

आणि मग वाडीत ओरडणं ऐकू आलं. डुकराचं नाही, डुक्कर तर शांत होतं, जागचं हललंही नव्हतं. पण ते ओरडणं लांबलचक होतं, वर चढत गेलेलं. केळीवरून कावळे उडाले, पलीकडच्या वाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं, आणि माझा घसा फाटल्यासारखा दुखायला लागला तेव्हा कुठे मला कळलं की तोंड माझं उघडं आहे. मी दोन्ही हात तोंडावर दाबले. एक हात रक्ताचा होता. पाण्याच्या डबक्यात वाकून तोंड धुतलं, शर्टाला पुसलं. तोवर एरॉल आणि रायन धावत आले. मांडववाले बांबू टाकून कुंपणाशी जमले, शेजारची मार्गारेट आजी काठी टेकत येऊन उभी राहिली. एरॉलने डुकराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच, माझी कीव आल्यासारखं म्हणाला, "ओरडलं रे ह्या वेळी." मी मान हलवली. मार्गारेट आजी मागे वळून कुणाला तरी म्हणाली, "वय झालं बघ कॉन्रॅडचं. हात गेला." दुपारपर्यंत गावभर झालं असणार. होऊ दे. पन्नास वर्षांची म्हण होती, त्या सकाळी ती संपली, आणि मी ती संपू दिली.

सगळे कामाला लागले. गरम पाणी आलं, पाट आला. मी खोपटाच्या कडेला दगडावर बसून राहिलो. तेव्हा मांडवाखालून शर्लिन आली, केसांना तेल, मेंदीचे हात अंगापासून लांब धरलेले, पायात चप्पल नाही. मी म्हणणार होतो, तू इकडे येऊ नकोस, नवरीने बघू नये. ती थेट पाटापाशी गेली. त्याचं तोंड बघत उभी राहिली, मिटलेले डोळे, ओठ सैल, गाढ झोपल्यासारखं. दहावीच्या पोरांचे पेपर तपासते तितक्या नीट बघितलं तिने. मग माझ्याकडे आली, समोर उकिडवी बसली. मेंदीच्या हाताने धरता येईना म्हणून मनगट माझ्या छातीवर टेकवलं आणि तसंच ठेवलं.

"मम्मी म्हणते डुक्कर ओरडलं," ती म्हणाली.

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमचा घसा बसलाय."